कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. घरी मुलांना शिकवणाऱ्या आणखी कुणाला तुमची रीत उपयोगी पडली तर पडू दे.

दोघांना घरीच शिकवायचं ठरलं तेव्हा थोरली ८ वर्षांची होती, धाकटा ५ चा. का ठरलं ते तुम्हाला ठाऊक आहे, इथं नको. दोन वयं म्हणजे दोन वेळापत्रकं, असा हिशेब मी मांडत होते. तुम्ही म्हणालात, "एकाच चटईवर बसव आणि एकच गोष्ट वाच. ज्याला जेवढं पेलेल तेवढं तो उचलतो." आणि कपाटातली गोष्टींची पुस्तकं पिशवीत भरून दिलीत. अट एकच घातलीत: गोष्ट संपली की 'यातून काय बोध घेतला' असं विचारायचं नाही. मुलं काय विचारतात त्याची वाट बघायची.

पहिली गोष्ट म्हातारी आणि भोपळ्याची. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' घरात इतकं घुमलं, की आमचे आबा बातम्या बंद करून ऐकायला बसले. चौथ्या-पाचव्या वाचनाला धाकट्यानं विचारलं, "वाटेत नदी आली तर म्हातारी बुडंल?" आबा म्हणाले, "बुडतीय कशाला? आम्ही पाठीला वाळका भोपळा बांधूनच पोहायला शिकलो."

झालं! कपिलतीर्थ मंडईतून अख्खा लाल भोपळा आला, बादली आली. भोपळा तरंगला, बटाटा तळाला गेला. असोला नारळ तरंगला. थोरलीनं वहीत दोन रकाने आखून आधी अंदाज लिहिला आणि मग काय झालं ते. धाकट्यानं त्याच रकान्यांत चित्रं काढली. भोपळा कापल्यावर आतली पोकळी दिसली आणि मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. (बिया मोजताना शंभरच्या पुढं धाकटा अडखळला, मग दहा-दहाचे ढीग केले. ती भाजी मात्र दोघांनीही खाल्ली नाही.)

नदीचा प्रश्न निघाला तो पावसाळ्यात, म्हणजे कोल्हापुरात दुसरं काही शिकवायची सोयच नाही. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघायची आणि भिंतीवरच्या कागदावर रेघ मारायची, ही युक्ती तुमचीच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पातळी फूट आणि इंचांत येते, त्यामुळं थोरलीला एक नवीन हातचा सापडला: ३८ फूट ११ इंचांत २ इंच मिळवले की ३९ फूट १ इंच, कारण इथं दहाला नाही, बाराला पुढं जायचं. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणानं तिला एवढं गुंगवलं नसतं. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आता आपली रेघ वर जाणार, हे ती आधीच सांगू लागली. धाकट्याचं भांडण वेगळंच: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चारच नद्या, मग पंचगंगा कशी? पाचवी सरस्वती गुप्त आहे म्हटल्यावर त्याला ते लपंडावासारखं वाटलं आणि पटलं.

आणखी एका गोष्टीचे आभार. आमचे एक पाहुणे जेवता जेवता म्हणाले होते, "शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या गावात तुम्ही पोरं घरात ठेवताय? महाराज असते तर महिन्याला रुपया दंड बसला असता." मला घास गिळवेना. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात. "बरोबरच आहे त्यांचं. पोरं शिकावीत म्हणून दंड होता. तू ज्या दिवशी शिकवणार नाहीस, त्या दिवशी रुपया मला आणून दे." मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माहिती काढून दिलीत. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं, हे कळल्यावर घरातल्यांचाही जीव भांड्यात पडला. आजवर तुम्हाला बरेच रुपये झाले असतील, पण तुम्ही त्यांची चॉकलेटंच करून आणता.

पिशवीतली पुस्तकं शनिवारी परत आणते. चिऊ-काऊचं तेवढं राहू द्या. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, मग आजोळच्या शेणानं सारवलेल्या भिंती कशा टिकतात, असं थोरलीनं विचारलंय. माती आणि भुसा आम्ही आणलाय. शेणाचं तुमच्या ओळखीत कुठं जमतंय का बघा.

तुमची,
चटईवरच्या दोघांची आई