निकाल पटला नाही म्हणून महाभियोग?

सातारा

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वर्गातल्या वादाविषयी तू सविस्तर लिहिलेस आणि शेवटी विचारलेस, की अमेरिकेतल्या ज्या फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशाने तिथल्या सरकारचा आदेश तुझ्या मते उघड चुकीच्या आधारावर अडवून धरला, त्याच्यावर महाभियोग चालवायला हरकत ती कोणती. माझी हरकत आहे, आणि ती त्या न्यायाधीशाच्या कळवळ्यापोटी नाही. इथल्या न्यायालयात वकिली करताना चुकीचे निकाल मी पुष्कळ पाहिले. काही आमच्या अशिलांच्या विरुद्ध गेले, काही, खरे सांगायचे तर, त्यांच्या पथ्यावर पडले. चुकीच्या निकालावर करायचे ते ठरलेले असते: नकलेसाठी अर्ज द्यायचा, मुदतीत अपील दाखल करायचे, हुकमाला स्थगिती मागायची आणि वरच्या न्यायालयाला चूक दाखवून द्यायची.

अमेरिकेच्या राज्यघटनेत महाभियोगाची, म्हणजे संसदेने आरोप ठेवून पदावरून काढण्याची, कारणे म्हणून देशद्रोह, लाचखोरी आणि इतर गंभीर गुन्हे व गैरकृत्ये एवढेच दिले आहे. न्यायाधीशांविषयी आणखी असे, की वर्तणूक चांगली असेतोवर त्यांचे पद अबाधित राहील आणि पदावर असताना त्यांचे वेतन घटवता येणार नाही. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधिगृहाने, साध्या बहुमताने आरोप ठेवायचे, वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे सिनेटने, खटला चालवून उपस्थितांच्या दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. आजवर १५ फेडरल न्यायाधीशांवर असे आरोप ठेवले गेले आणि त्यांतले ८ पदावरून गेले.

मात्र निकाल किंवा मते आवडली नाहीत म्हणून न्यायाधीश काढता येत नाही, ही गोष्ट त्या मजकुरात लिहिलेली नाही. ती ठरली १८०५ मध्ये, सॅम्युएल चेस यांच्या खटल्यात, आणि हा खटला तू बारकाईने वाचावास अशी माझी इच्छा आहे. चेस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी होते आणि स्वभावाने कमालीचे तिखट होते. राजद्रोही लिखाणाच्या कायद्याखाली कॅलेंडर नावाच्या पत्रकारावर चाललेल्या खटल्यात त्यांनी बचावाच्या वकिलांना धड बोलू दिले नाही. १८०३ मध्ये बाल्टिमोरला ज्यूरीला सूचना देताना सत्ताधारी पक्षाच्या धोरणांवर त्यांनी सडकून टीका केली. त्यांच्या न्यायासनापुढे उभे राहायची वेळ माझ्यावर आली असती, तर मीही संतापले असते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या पक्षाने त्यांच्यावर आठ आरोप ठेवले. सिनेटमध्ये त्या पक्षाचे ३४ पैकी २५ सदस्य होते आणि दोषी ठरवायला २३ मते पुरेशी होती. (अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर, त्यांच्यावर तेव्हा राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या खुनाचा आरोप होता. नियतीलाही विनोदबुद्धी असते.) तरीही एकाही आरोपावर १९ च्या पुढे मते गेली नाहीत. सत्ताधारी पक्षाच्याच सहा सदस्यांनी प्रत्येक आरोपावर 'दोषी नाही' असे मत दिले, आणि चेस १८११ मध्ये मरेपर्यंत पदावर राहिले. ते सहा जण चेस यांचे चाहते होते असे मानायला मला काही आधार दिसत नाही. आज आपण यांना काढले तर उद्या दुसरा पक्ष आपल्या न्यायाधीशांना काढील, एवढा हिशेब तरी त्यांना कळत असणारच.

याच्या उलट हॅरी क्लेबोर्न या फेडरल न्यायाधीशाचे प्रकरण पाहा. आयकराच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर ते १९८६ मध्ये तुरुंगात गेले, पण राजीनामा देईनात, त्यामुळे कैदेतही त्यांचा न्यायाधीशाचा पगार चालू राहिला. अशा माणसासाठीच महाभियोग आहे. लाचखोर किंवा खोटी साक्ष देणारा न्यायाधीश खुर्चीत राहिला, तर न्यायालयाचे स्वातंत्र्य राखले असे म्हणता येत नाही. त्याचा निकाल आधीच विकला गेलेला असू शकतो.

तू पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांचे १९७० मधले प्रसिद्ध विधान पुढे केले आहेस, की त्या त्या वेळी प्रतिनिधिगृहाच्या बहुमताला जो वाटेल तोच महाभियोगाचा गुन्हा. व्यवहारात ते अगदीच खोटे नाही. सिनेटने असा खटला कसा चालवला हे न्यायालये तपासणार नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच १९९३ मध्ये वॉल्टर निक्सन या न्यायाधीशाच्या प्रकरणात ठरवले. पण अडवायला कोणी नाही म्हणून कृती योग्य ठरत नाही, आणि फोर्ड सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या न्यायमूर्ती डग्लस यांच्या मागे लागले होते, त्यांच्यावर शेवटी आरोप ठेवले गेलेच नाहीत. मार्च २०२५ मध्ये न्यायाधीश बोसबर्ग यांच्यावर महाभियोगाची मागणी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केली, तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निवेदन काढून सांगितले, की निकालाशी मतभेद असल्यास महाभियोग हे त्याचे उत्तर नव्हे, त्यासाठी अपील आहे.

आपल्याकडे १९९३ मध्ये नेमके उलटे झाले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांच्यावरचे आरोप निकालांविषयी नव्हते, वर्तणुकीविषयी होते. आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिने त्यांतले बरेचसे सिद्ध धरले. लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव बारगळला. तेव्हा पक्षाचा विचार दोन्हीकडून घात करू शकतो, हे तुझ्या निबंधात यायला हवे.

महाभियोगाच्या बाजूने बोलणाऱ्या तुझ्या मित्राचा मुद्दा मला सर्वांत जड वाटला. हॅमिल्टन यांनी राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेतल्या ८१ व्या लेखात म्हटले आहे, की महाभियोगाची भीती असल्याने न्यायाधीश विधिमंडळाच्या अधिकारावर जाणूनबुजून अतिक्रमण करत राहण्याचे धाडस करणार नाहीत. पण तिथे ते जाणूनबुजून, पुनःपुन्हा केलेल्या अतिक्रमणांविषयी बोलत आहेत, एखाद्या चुकीच्या अर्थाविषयी नाही. न्यायाधीशाने कारणे लिहिली, पक्षकारांना ऐकले आणि वर दाद मागायला वाट मोकळी ठेवली, तर त्याला अतिक्रमण म्हणायला मी तयार नाही. वरच्या न्यायालयाची स्थगिती हातात पडल्यावरही त्याने आपलाच हुकूम रेटला असता, तर मी तुझ्या मित्राच्या बाजूने लिहिले असते. तू पाठवलेल्या हकिकतीत स्थगितीचा अर्जसुद्धा अजून निकाली निघालेला नाही.

तुझी,
आई