पांढऱ्या पेशी वाढल्या, पण पहारा बसला का?

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आई, काकांची बोनमॅरो (हाडांतली अस्थिमज्जा) दिल्यावर बाबांच्या पांढऱ्या पेशी ४,५०० वर आल्या हे चांगलंच आहे. पण एवढ्यावरून बाबांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, उलटणार नाही असं धरू नकोस. बोनमॅरोत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, ५ टक्क्यांखाली गेले की रेमिशन (आजार आटोक्यात) म्हणतात. तरीही कोट्यवधी रोगपेशी दडून राहू शकतात. त्या हुडकून मारायचं काम काकांच्या टी-पेशी आणि एनके पेशी या पहारेकरी पांढऱ्या पेशींचं. तंतोतंत जुळ्या भावाची मॅरो दिली तर जुळणी पूर्ण, पण आजार जास्त वेळा उलटतो, कारण त्या पेशींना रोगपेशी परक्या वाटतच नाहीत. काकांच्या पेशींमधला थोडासा परकेपणा म्हणूनच हवा आहे.

हा पहारा दोन तऱ्हांनी सैल पडतो. सतत त्याच शत्रूशी झुंजून टी-पेशी थकतात, त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक चढतो. मोजायला पेशी भरपूर, काम मात्र होत नाही. नाहीतर रोगपेशीच एचएलए ही आपली ओळखखूण पुसून टाकतात.

टॅक्रोलिमस हे औषध याच टी-पेशींना आवरतं. जास्त झालं तर पहारा झोपतो, कमी पडलं तर त्या बाबांच्याच त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर उठतात. बाबा, डोस मनाने बदलू नका. रक्तातली औषधाची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट नको, त्यांनी लेव्हल चढते. गुळवेलीचा काढाही नको, कितीही मायेने कुणी आणून दिला तरी; त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पुरळ, जुलाब, पिवळे डोळे किंवा १००.४ ताप दिसला तर त्याच दिवशी वॉर्डला फोन करा. आधी पॅरासिटामॉल घेऊन ताप दडवू नका.

पुढच्या बोनमॅरो तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आठवणीने सांगा: एमआरडीसाठी (दडून उरलेल्या रोगपेशी शोधायला) पहिल्यांदा ओढलेला नमुनाच पाठवा. नंतरच्या नमुन्यात रक्त मिसळतं आणि १०,००० पेशींमागे १ रोगपेशी शोधणारी तपासणीही फसते. एमआरडी सापडला तर टॅक्रोलिमस लवकर उतरवणं किंवा काकांच्या टी-पेशी थोड्या थोड्या वाढवत देणं, असे मार्ग डॉक्टर विचारात घेतात. म्हणून काकांना सांगून ठेव, लांबच्या प्रवासाला निघण्याआधी आपल्याला कळवा.

तुमची,
मुलगी