पाथरवटांचा संघ अजून कामावर आहे

महोदय,

चर्चबांधणीचे मध्ययुगीन संघ इतिहासजमा झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलचा (मुख्य चर्चचा) 142 मीटर उंच मनोरा 1439 साली पूर्ण झाला. 13व्या शतकापासूनची तिथलीच ‘नोत्र-दाम’ संस्था आजही आपल्याच पाथरवटांकरवी तो सांभाळते. 2020 मध्ये युनेस्कोने युरोपातील अशा 18 कार्यशाळांची कार्यपद्धती जतनाचा आदर्श म्हणून नोंदवली.

ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे. झिजलेल्या दगडाचे माप घेऊन मूळ आकाराचा साचा कापतात आणि त्यावरून व्होज डोंगरातला तांबूस वालुकाश्म घडवतात. भिंतीत दगड बसवताना खाणीतले आडवे थर आडवेच ठेवायचे, हे फार महत्त्वाचे! थर उभे होऊन दर्शनी आले, की पाणी मुरून पापुद्रे सुटतात. सांध्यात चुनाच हवा. सिमेंट भरले तर ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातून पडते. तिच्यातले क्षार दगडात साठून त्याची भुकटी करतात. दगड जोडणाऱ्या जुन्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, की दगडाची कडच उडते. असे बारकावे हाताखाली काम करूनच शिकता येतात, म्हणून कार्यशाळेत शिकाऊ पाथरवट हवेतच.

— एक वाचक, पुणे