भगोरियाचे फोटो आणि दशांशचिन्हापुढचे आकडे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ-अलिराजपूरच्या आदिवासी भागात भगोरियाचे हाट, म्हणजे बाजार, भरतात आणि इंदूरहून तिकडे कॅमेऱ्यांची रांग लागते. मंडळांच्या सहली, फोटो क्लबांच्या गाड्या, हौशी मंडळी वेगळीच. आम्ही छायाचित्रण शिकवतो, तेव्हा भगोरियाचे फोटो काढू नका असे आम्ही म्हणणार नाही. आक्षेप आहे तो फोटोसोबत गुपचूप जाणाऱ्या अक्षांश-रेखांशांना.

इंदूरच्या राजवाड्यासमोर काढलेल्या फोटोत चार दशांशांपर्यंत आकडे असले, तर साधारण ११ मीटरची जागा कळते. त्या जागेत दिवसभरात शेकडो माणसे येऊन जातात, त्यामुळे कोणाचेच काही बिघडत नाही. भिल्लांचे गाव असे दाटीवाटीचे नसते. गावाचे फलिये, म्हणजे वस्त्या, असतात आणि फलियातली घरे आपापल्या शेतात, टेकडीवर, सुटी सुटी असतात. तिथे तीन दशांशांचा, म्हणजे सुमारे १११ मीटरचा ढोबळ आकडासुद्धा एखाद्याच घरावर बोट ठेवतो. त्यात फोटोतल्या बाईच्या अंगावर चांदी दिसते, कमरेचा कंदोरा दिसतो. घर कुठे आहे आणि घरात काय आहे, या दोन्ही गोष्टी एकाच फोटोत मिळाल्या की चोराला आणखी काय हवे?

म्हणून हाटाचा फोटो आणि घराचा फोटो यांना एकच नियम लावू नये. हाट सार्वजनिक असतो, त्याचा वार ठरलेला असतो. ‘वालपूर, जिल्हा अलिराजपूर’ असे लिहायला हरकत नाही. फलियातल्या फोटोखाली मात्र जिल्ह्याच्या पुढे जाऊ नये. नकाशावर खूण करायचीच असेल तर दोनच दशांश ठेवावेत, म्हणजे खूण किलोमीटरभर ढोबळ होते. घरातल्या भिंतीवर रंगवलेल्या पिठोराबाबत तर जास्तच जपायला हवे. तो बडव्याच्या (पुजाऱ्याच्या) देखरेखीखाली लखाऱ्याने (चित्रकाराने) काढलेला नवसाचा देव असतो. त्याची नेमकी जागा जाहीर झाली की अनोळखी लोक ‘पेंटिंग बघायला’ दार वाजवू लागतात.

आता हे आकडे येतात कुठून ते पाहू. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ चालू असले की प्रत्येक फोटोच्या एक्झिफ नोंदीत, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या माहितीत, जागा आणि वेळ लिहिली जाते. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा असे जाऊन ‘नेव्हर’ निवडावे. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये हे बटण असते. मोठ्या कॅमेऱ्यात बहुधा जीपीएस नसतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ब्लूटूथने मोबाइलला जोडलेला कॅमेरा मोबाइलकडून जागा घेऊ शकतो. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून फोटो बाहेर काढताना ‘रिमूव्ह लोकेशन इन्फो’वर खूण करावी. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊनही नोंदी पुसता येतात.

चुका मात्र ठरावीक ठिकाणी होतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की जागेची नोंद गळून पडते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. आणि दर्जा टिकावा म्हणून क्लबात सगळे डॉक्युमेंटच पाठवतात! गूगल ड्राइव्हच्या लिंकने मूळ फाइल दिली तरी तेच होते. फेसबुक-इन्स्टाग्राम ती नोंद इतरांना दाखवत नाहीत, पण टाकणारा स्वतःच हौसेने ‘अॅड लोकेशन’ दाबतो. सर्वांत वाईट म्हणजे फोटोच्या तळाशी नकाशा, पत्ता आणि आकडे छापणारी जीपीएस कॅमेऱ्याची अॅप. सरकारी कामाचा पुरावा म्हणून ती ठीक आहेत. पण ब्लँकेट वाटपाच्या फोटोंतही तीच वापरली जातात. तो ठसा चित्राचाच भाग असतो, त्यामुळे एक्झिफ पुसून काही उपयोग होत नाही. मूळ फोटोच बिनठशाचा काढावा लागतो.

नोंदी पुसल्या तरी मागची भिंत बोलतेच. प्रधानमंत्री आवासच्या घरावर लाभार्थ्याचे नाव आणि ग्रामपंचायत रंगवलेली असते, अंगणवाडीवर पाटी असते, मोटारसायकलला नंबर असतो. हे फोटो काढतानाच चौकटीबाहेर ठेवावे. नंतर झाकायचे असेल तर हलके धुरकट न करता सपाट रंगाने झाकावे. आणि फोटोखाली ओळ लिहिताना ‘पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा’ हे कृपया बंद करावे. हा होळीच्या खरेदीचा हाट आहे, असे आदिवासी समाजातली मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. ‘भोंगर्या’ हे नाव ते आग्रहाने सांगतात तेही त्यासाठीच. कोणा मुलीच्या चेहऱ्याखाली ती ओळ आणि तिच्या गावाचे नाव एकत्र आले की त्रास तिला होतो, लाइक फोटोवाल्याला मिळतात.

परवानगी तीनदा मागावी: फोटो काढू का, इंटरनेटवर टाकू का, गावाचे नाव लिहू का. पहिल्याला हो म्हणणारी व्यक्ती तिसऱ्याला नाही म्हणू शकते. स्थानिक बोली येणारा माणूस सोबत असावा आणि फोटो पडद्यावर दाखवून विचारावे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांना विचारावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात खासगी, घरगुती वापराला सूट आहे. पैसे घेऊन फोटो-सहली काढणाऱ्यांनी त्या सुटीच्या भरवशावर राहू नये.

नेमके आकडे अभ्यासाला लागतात, हे खरे. ते आपल्या मूळ फाइलीत जपावेत, बाहेर जाणाऱ्या प्रतीत नकोत. इंदुरातल्या कृष्णपुरा छत्र्या किंवा लालबागेसारख्या सार्वजनिक जागांचे आकडे मात्र खुशाल द्यावेत.

एक विनंती आपल्याला. वाचकांकडून भगोरियाचे फोटो मागवाल, तेव्हा घराच्या किंवा फलियातल्या फोटोंसाठी फक्त जिल्हा विचारावा, फोटोतल्या व्यक्तींना विचारले होते का यासाठी अर्जात एक रकाना ठेवावा, आणि संकेतस्थळावर फोटो चढवण्याआधी त्यातली जागेची नोंद आपल्याच कार्यालयात पुसली जाईल असे पाहावे.

आपले,
छायाचित्रण शिकवणारे दोन वाचक, इंदूर