उगवतो तो दात नव्हे, आतला गर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मूलपेशींमुळे (स्टेम सेल, म्हणजे निरनिराळ्या नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींमुळे) दात पुन्हा उगवतील आणि रूट कॅनालचे दिवस संपतील, अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. त्या वाचून आलेले एक गृहस्थ परवा, तोंडात कापसाचा बोळा असतानाच, ‘आता नवा दात येतो म्हणे?’ असे विचारते झाले. दंतवैद्य म्हणून मला अशा बातम्या खोट्या वाटत नाहीत, मात्र त्यांत ‘दात’ हा शब्द फार सैलपणे वापरलेला असतो.

दाताच्या प्रत्येक थराची गोष्ट निराळी आहे. एनॅमल, म्हणजे दाताचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण, घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येताच नाहीशा होतात, त्यामुळे किडलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. त्याखालचा डेंटिन हा थर मात्र गराच्या (दाताच्या पोकळीतल्या मऊ, जिवंत भागाच्या) कडेच्या पेशी, गर जिवंत असेपर्यंत, थोडाथोडा घालत राहतात. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात, कारण त्यांच्या बुडाशी मूलपेशींचा साठा कायम असतो. आपल्याकडे ती सोय नाही, हे उंदरांवरील यशाच्या बातम्या वाचताना सहज विसरले जाते.

माणसाच्या अक्कलदाढेच्या गरात मूलपेशी असल्याचे २००० मध्ये आणि दुधाच्या दातांत असल्याचे २००३ मध्ये दाखवले गेले. पुढे चीनमधील शिआन येथील संशोधकांनी, मार लागून पुढच्या कायमच्या दाताचा गर मेलेल्या ४० मुलांना एका चाचणीत घेतले आणि त्यांतील बहुतेकांच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातातून काढून वाढवलेल्या पेशी भरल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंसह गर तयार झाला आणि अर्धवट राहिलेले मूळ वाढले. हे यश खरोखर मोठे आहे. पण त्या कोवळ्या दातांच्या मुळांची टोके उघडी होती आणि नव्या गराला रक्त मिळायला वाट होती. प्रौढाच्या दातात हीच वाट मिलिमीटरभरही रुंद नसते, आणि वर्षानुवर्षे मुरलेला जंतुसंसर्ग असेल तर तो आधी पूर्ण काढावा लागतो. जपानमध्ये प्रौढांवर झालेला प्रयोगही आशादायक होता, पण त्यात रुग्ण पाचच होते.

मुलांचे पडलेले दुधाचे दात जपून ठेवावेत का, असे पालक विचारतात. पडायला आलेल्या दाताचे मूळ बहुतांश विरघळलेले असते आणि आत उरतो तो लालसर गराचा इवलासा तुकडा. दात कित्येक दिवस नुसता लोंबकळत राहिला तर त्याचाही रक्तपुरवठा तुटतो. कागदाच्या पुडीत वाळलेला दात आठवण म्हणून ठीक. त्यातून जिवंत पेशी मिळत नाहीत.

म्हणून विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना प्रयोग प्राण्यांवर झाला की माणसांवर, किती जणांवर आणि नेमके काय परत आले, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. त्या गृहस्थांना मी त्यांच्या दाढेचा एक्स-रे दाखवला. मुळांच्या टोकांची छिद्रे सुईच्या अग्राएवढी उरली होती. रूट कॅनाल आम्ही त्याच दिवशी सुरू केले.

आपला,
एक दंतवैद्य वाचक