डोणजे फाट्यापुढच्या दूधवाल्या दादांना

रविवारी आम्ही चार निवृत्त मित्र पुण्याहून पानशेतला सायकलने निघालो होतो. डोणजे फाटा सोडल्यावर एका वळणावर खडीवरून माझी सायकल घसरली. गुडघा सोलवटला आणि चेन दात्यांच्या नि स्पोकच्या मध्ये जाऊन घट्ट अडकली. मित्र पुढे गेलेले, फोनला रेंज नाही. (सत्तरीला टेकलेल्याने वळणावर ब्रेक दाबू नये, हे बायको रोज सांगते.)

तेवढ्यात किटल्या लावलेली मोटारसायकल थांबली. तुम्ही आधी मला दगडावर बसवलंत, बाटलीतल्या पाण्याने जखम धुतलीत. मग पान्याने मागचं चाक सैल करून चेन सोडवलीत. हात काळे झाले, ते गवताला पुसलेत. दुधाला उशीर होतोय म्हटलं, तर हसून म्हणालात, "होऊ दे काका, आज लोक चहा जरा उशिरा पितील."

एवढ्यावर गेला असतात तरी पुष्कळ होतं. पण मित्र भेटेपर्यंत तुम्ही माझ्या मागे, सायकलच्या वेगाने, गाडी चालवत राहिलात. पैसे घेतले नाहीत. नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं.

दादा, गुडघा बरा आहे. पुढच्या रविवारी त्याच वेळी तिथून जाणार आहोत. थर्मासमध्ये तुमच्या वाटणीचा चहा असेल.