आवाहन : घर सोडून आलेल्या महिला व मुलांच्या निवाऱ्यासाठी

सप्रेम नमस्कार.

रात्री गावात मुक्कामाला राहून पहाटे तालुक्याकडे सुटणाऱ्या एसटीला आपल्याकडे वस्तीची गाडी म्हणतात. आमच्या महिला मंडळाकडे आलेल्या कित्येक महिला याच गाडीने आल्या आहेत, कारण त्या वेळी घरातला माणूस झोपेत असतो, वाटेवर कुणी भेटत नाही आणि गाडीत वाडीतल्या कुणी विचारलेच, तर मुलाला दवाखान्यात नेते आहे असे सांगता येते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक ताई दोन मुलांना घेऊन आली. अंगावर मॅक्सी आणि वरून घेतलेली ओढणी. हातात दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली तिघांची आधार कार्डे आणि धाकट्याचे लसीकरणाचे कार्ड. थोरला मुलगा सात वर्षांचा होता. पहिले आठ दिवस तो चपला उशाशी घेऊन झोपत असे. रात्री परत निघावे लागले तर शोधत बसायला नको, असे त्याने आमच्या कार्यकर्तीला सांगितले.

त्या तिघांना आम्ही त्याच कार्यकर्तीच्या माजघरात ठेवले. त्याआधी आलेल्यांनाही कुणाच्या पडवीत, कुणाच्या माडीवर अशीच जागा करून दिली होती. हे फार काळ चालण्यासारखे नाही. ज्या घरी अशी बाई उतरते, त्या घराच्या दारात दोन दिवसांत तिचा नवरा, दीर किंवा गावचे चार प्रतिष्ठित येऊन उभे राहतात, आणि मग त्या घरातल्या मुलाबाळांनाही घोर लागतो.

कायद्याने या महिलांना बरेच काही दिले आहे, हे आधी सांगायला हवे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यात मारहाणीबरोबरच लैंगिक छळ, शिवीगाळ, मानसिक जाच आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच म्हटले आहे. मुंबईला नोकरी करणारा नवरा गणपतीला आणि शिमग्याला येऊन हात उगारतो आणि एरवी घरखर्चाला एक रुपया पाठवत नाही, तेव्हा हे दुसरे वागणेही या कायद्यात बसते, हे आपल्या वाड्यावाड्यांतून अजून पुरेसे पोहोचलेले नाही. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले, तरी त्या सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर दूरध्वनी करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र, म्हणजे हिंसा सोसलेल्या महिलांना एकाच छताखाली मदत देणारे सरकारी केंद्र आहे.

अडचण येते ती यानंतर. सखी केंद्रातला तात्पुरता मुक्काम साधारण पाच दिवसांचा असतो. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे केलेला अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा त्यापुढे जातात. मंडणगडच्या टोकाच्या गावातल्या बाईला रत्नागिरी गाठायची तर एसटीत अर्धा दिवस मोडतो. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाल्याने थोडा आधार मिळाला, पण मुलांना कुठे ठेवायचे आणि आजची मजुरी कशी भरून काढायची, हे प्रश्न उरतातच. पाच दिवस आणि पहिला आदेश यांच्यामधल्या काळात बाई खचते. माहेरी आईवडील थकलेले आणि संसार भावाचा. चार दिवसांनी तिथेही तिची समजूत घालायला सुरुवात होते, आणि ती त्याच उंबऱ्यातून पुन्हा आत जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी केवळ १४ टक्के महिलांनी कुणाकडे मदत मागितल्याचे आढळले. धीर करून निघालेल्या त्या थोड्या जणींनाही परत जावे लागावे, ही गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त बोचते.

म्हणून मंडळाने सहा महिने ते वर्षभर राहता येईल असे घर उभे करण्याचे ठरवले आहे. असे घर माणसाचे आयुष्य कसे बदलते, हे कोकणाने पाहिले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. तिथे शिकलेल्या देवरुखच्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा कर्व्यांच्या मुरुड गावच्या ग्रामस्थांनी त्या दोघांवर बहिष्कार घातला; आणि त्याच कर्व्यांनी पुढे १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला.

मंडळाच्या एका सभासद भगिनीने आपले जुने कौलारू घर दहा वर्षांसाठी विनाभाडे दिले आहे. भिंती चिऱ्याच्या आणि भक्कम आहेत, विहिरीला बारमाही पाणी आहे. मात्र छपराचे वासे आणि रिपा वाळवीने खाल्ल्या आहेत, न्हाणीघर व शौचालय नव्याने बांधावे लागेल, आणि सभोवतालचा गडगा ठिकठिकाणी ढासळला असल्याने तो उंच करून लोखंडी फाटक बसवावे लागेल. पाच खोल्यांत पाच कुटुंबांची सोय होईल. प्रत्येक खोलीला आतून कडी आणि बाहेरून स्वतंत्र कुलूप असावे, असा आमचा आग्रह आहे. वर्षानुवर्षे जिच्या हाती साध्या पेटीची किल्ली नव्हती, तिच्याकडे स्वतःच्या खोलीची किल्ली असली पाहिजे.

लाकूड, कौले, सिमेंट आणि मजुरीसाठी रोख देणगी हवीच आहे. त्याहून अधिक गरज दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्यांची आहे, कारण घर एकदा बांधून होते, पण तांदूळ, गॅस, औषधे, शाळेची वह्यापुस्तके आणि रात्री थांबणाऱ्या दोन सेविकांचे मानधन दर महिन्याला लागते. सुतार, गवंडी व वीजतंत्री यांनी आठ-दहा दिवस अंगमेहनत दिली, तरी मोठा भार हलका होईल. काजू कारखानदार व आंबा कॅनिंग चालकांना विनंती आहे की, या महिलांना हंगामात काम देताना मजुरी त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा करावी. मुख्याध्यापकांना नम्र विनंती अशी की, शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा बापाच्या सहीसाठी मुलाला घरी बसवू नये.

कपडे पाठवताना कृपया नवे किंवा धड, धुतलेले पाठवावेत. अंतर्वस्त्रे व सॅनिटरी पॅड नवेच हवेत.

एक गोष्ट मात्र मन घट्ट करून सांगावी लागते. देणगीदारांना हे घर पाहता येणार नाही. आपल्याकडे मुलांचा वाढदिवस आश्रमातल्या मुलांसोबत साजरा करण्याची चांगली रीत आहे, पण इथे ते करता येणार नाही, छायाचित्रे काढता येणार नाहीत, आणि घर कोणत्या गावी आहे हे कुणी विचारू नये. एका छायाचित्रातल्या मागच्या देवळाच्या कळसावरूनही शोधणारा माणूस पोहोचू शकतो. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि खर्चाचा लेखापरीक्षित हिशेब मंडळाच्या कार्यालयात कुणालाही पाहता येईल.

आखाती देशांत नोकरीला असलेल्या भारतीय नागरिकांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी द्यायला हरकत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून व परदेशी संस्थांकडून रक्कम स्वीकारण्यासाठी लागणारी नोंदणी मंडळाकडे नाही, म्हणून त्यांची मदत तूर्त घेता येणार नाही.

छपराचे काम मृगाच्या आधी उरकले नाही, तर ते दसऱ्यापर्यंत लांबेल आणि हा पावसाळाही पडवी-माजघरांवरच काढावा लागेल. म्हणून लाकूड व कौलांसाठीची मदत १५ मेपर्यंत मंडळाच्या कार्यालयात पोहोचवावी, ही कळकळीची विनंती.

आपले,
अध्यक्ष, चिटणीस व सर्व सभासद
महिला मंडळ